थंडीत जुना ट्रॅक्टर उठत नाही तेव्हा

निफाडकडे जानेवारीत कोंबड्याच्या आधी कुणाचा तरी सेल्फ आरवतो. कुर्र… कुर्र… कुर्रऽऽ. मग शांतता. मग एक शिवी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, आणि ज्याच्या दारात तीस-चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर उभा आहे तो रात्री झोपतानाच म्हणतो, उद्या काही हा उठत नाही.

हे लिहिलंय त्या माणसासाठी. विशेषतः ज्याच्या हाती आजोबांचा ट्रॅक्टर नुकताच आलाय, किंवा ज्यानं हौसेनं एखादा जुना घेतलाय आणि अजून पान्यांचे नंबर पाठ नाहीत, त्याच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की थंडी बिघाड करत नाही, ती चुगली करते. बॅटरी अर्धी मेलेली होती, हिटरचा एक प्लग गेलेला होता, पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. हे सगळं ऑक्टोबरातही होतंच, पण उन्हाच्या जोरावर झाकलं जात होतं. म्हणून थंडीला दोष देत नुसता सेल्फ मारत बसू नका. तिनं कुणाची चुगली केली ते क्रमानं शोधा. आणि तोपर्यंत एक रुपयाचाही पार्ट आणू नका.

आधी इंजिनाची जात ओळखा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतं. डिझेल आपोआप पेटायला साधारण सव्वादोनशे-अडीचशे अंशांची गरमी लागते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तीच ही करामत. पहाटे मात्र इंजिन म्हणजे गार लोखंडाचा ठोकळा असतो. हवेत आलेली ऊब तो ठोकळाच पिऊन टाकतो. त्यात सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेला रिंगांच्या फटीतून निसटायलाही सवड मिळते. म्हणजे इंजिन उठायला तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: पुरेसा वेग, पुरेसा दाब आणि वेळेवर आलेलं बिनहवेचं डिझेल.

आता जात. १९६३ मध्ये महिंद्रनं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि बी-२७५ बनवायला सुरुवात केली. त्याचं चार सिलेंडरचं मूळ इंजिन इनडायरेक्ट जातीचं होतं. त्यात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडत नाही, हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पडतं. या कप्प्याच्या भिंती उष्णता खातात, म्हणून अशा इंजिनाला हिटर प्लग, म्हणजे करंटनं तापून कप्पा गरम करणारे प्लग, लागतातच. आपल्याकडच्या साध्या थंडीतही त्यांच्याशिवाय ते रडतं. पुढे नावात जे 'डीआय' आलं ते डायरेक्ट इंजेक्शनचं. एचएमटीनं १९७१ मध्ये पिंजोरला सुरू केलेला झेटर २५११ हा दोन सिलेंडरवालाही डायरेक्ट जातीचा. ही इंजिनं निरोगी असतील तर निफाडच्या थंडीत हिटरशिवाय उठायला हवीत. तेव्हा तुमचा ट्रॅक्टर डायरेक्ट असेल आणि दहा अंशांवरही हिटरशिवाय उठत नसेल, तर कुठेतरी झीज आहे. इनडायरेक्ट असेल तर आधी हिटर तपासा.

थंडीला घाबरणारे आपलेच ट्रॅक्टर आहेत असंही नाही. १९५६ ला इंग्लंडात आलेल्या फर्ग्युसन ३५ च्या पहिल्या चार सिलेंडरच्या डिझेल इंजिनाची थंडीतली रडारड तिकडच्या शेतकऱ्यांत इतकी गाजली की अजून निघते. १९५९ ला त्या जागी पर्किन्सचं तीन सिलेंडरचं इंजिन आलं. त्याच काळात तिकडे फील्ड मार्शल नावाचा एक सिलेंडरचा ट्रॅक्टर होता. त्याच्या हेडमध्ये धुमसणाऱ्या कागदाची सुरळी खोचायची आणि हँडल मारायचं. हँडल मारायचा कंटाळा असला तर बंदुकीसारखं काडतूस उडवायचं! त्या मानानं आपल्याला फक्त चावी फिरवायची आहे.

पहिलं पाऊल: सेल्फ मारण्याआधी दोन मिनिटं

हसू नका, पण नवख्या माणसाच्या पुष्कळशा तक्रारी इथेच मिटतात.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत चावी बंद केल्यानं इंजिन बंद होत नाही, स्टॉपचा नॉब ओढावा लागतो. रात्री ओढलेला नॉब सकाळपर्यंत तसाच राहतो. कधी नॉब आत जातो, पण केबल गंजल्यामुळे डिझेलच्या पंपावरचा लिव्हर अर्ध्यातच अडकतो. म्हणून नॉबवर विश्वास ठेवू नका. पंपाजवळ जा आणि तो लिव्हर बोटानं पूर्ण मागे सरकतोय का ते बघा.

टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलंय का, हे बघा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजारं फिरवायचा मागचा शाफ्ट) बंद. मॅसी ३५ च्या, म्हणजे त्याच फर्ग्युसन ३५ च्या, घराण्यात हायड्रॉलिकचा पंप पीटीओच्या शाफ्टवरच फिरतो. लिव्हर लावलेला राहिला तर सेल्फला इंजिनाबरोबर गार, जाड तेलात बुडालेला तो पंपही ओढावा लागतो. क्लच पूर्ण दाबून धरायचा तोही याचसाठी. गिअरबॉक्समधलं तेल पहाटे काकवीसारखं झालेलं असतं, ते सेल्फनं का घुसळायचं?

दुसरं पाऊल: कानानं निदान

आता सीटवर बसा, क्लच दाबा, रेस पूर्ण ओढा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. दहाच. त्यानंतर मिनिटभर थांबा. सलग अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ दाबून धरणाऱ्यांची बॅटरी आधी जाते, मग सेल्फची वायंडिंग.

आवाज भरभर आणि एकसारखा असेल तर बॅटरी-सेल्फला सोडून द्या आणि सरळ धुराकडे वळा. नुसतं 'टक्' होऊन गप्प, किंवा कण्हत-कुंथत एकेक फेरा, असं असेल तर पुढचं वाचा. सेल्फ सूंऽऽ करून मोकळाच फिरतोय आणि इंजिन ढिम्म असेल, तर सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही. हिवाळ्यात बहुतेकदा त्यावरचं जुनं ग्रीस आणि धूळ थिजलेली असते. सेल्फ उतरवून धुतला की काम होतं.

बॅटरीसाठी दोन-तीनशे रुपयांचा मीटर घ्या, तो आयुष्यभर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.४ म्हणजे पाऊण, आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळपास उपाशी. पण उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो. खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी भार पेलत नाहीये. उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं प्रत्येक कप्पा मोजा. सगळे कप्पे सारखे कमी असतील तर चार्जिंग हवंय. एकच कप्पा बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर ती बॅटरी गेली, तिला चार्जिंगवर ठेवून उपयोग नाही. गोठणबिंदूजवळ शिशाची बॅटरी आपल्या ताकदीचा पाचवा हिस्सा तरी घरीच ठेवून येते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन तिच्याकडे जास्त मागतं.

नवी बॅटरी आणण्याआधी मात्र काड्या तपासा. काड्या म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबली. इथे मी हात जोडून सांगतो, कारण या एका गोष्टीपायी किती चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात ते मी बघितलंय. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर टेका, क्लॅम्पवर नको, खांबावरच. दुसरी सुई सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ मारा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी ताकद वाटेतच खपतेय. मग मायनसचा खांब आणि सेल्फचं अंग, असं बघा. इथे तर त्याहूनही कमी दिसायला हवं. जुन्या ट्रॅक्टरांत खरा चोर बहुतेकदा अर्थिंगची पट्टी असते. कधीतरी कुणीतरी हौसेनं रंग मारलेला असतो, आणि पट्टी त्या रंगावरच आवळलेली असते. रंगातून करंट जात नाही. सोडा, पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या खांबावरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा. फक्त ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नका.

मीटर नसेल तर हेडलाइटचा देशी उपाय आहे. लाइट लावा, सेल्फ मारा. लाइट पूर्ण विझले तर बॅटरी उतरलेली किंवा जोड ढिला. लाइट जसेच्या तसे जळत राहिले आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही: स्विच, सोलेनॉइड किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बघा.

सगळं ठीक असूनही इंजिन जड फिरत असेल तर डिपस्टिक ओढा. ऑइल मधासारखं लोंबत असेल तर ते फार जाड नंबरचं आहे किंवा फार जुनं. झिजलेल्या इंजिनाला दाब मिळावा म्हणून काही जण मुद्दाम जाड ऑइल टाकतात. उन्हाळ्यात ते चालून जातं, पण जानेवारीत सेल्फचा जीव घेतं. वीस-डब्ल्यू-चाळीस वापरत असाल तर थंडीपुरतं पंधरा-डब्ल्यू-चाळीस टाकून बघा. अर्थात तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात बसत असेल तर.

तिसरं पाऊल: धुराडं काय म्हणतंय

इंजिन भरभर फिरतंय पण उठत नाही, अशा वेळी एकाला सेल्फवर बसवा आणि आपण धुराड्याकडे बघा. कुणी घाईत असलं की हीच पायरी गाळतं, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच असते.

धूर अजिबात नाही: डिझेल सिलेंडरपर्यंत पोहोचत नाही. हिटर, रिंगा, नोझल यांचा विचारसुद्धा करू नका.

पांढरा धूर, नाकाला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास: डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. उष्णता किंवा दाब कमी पडतोय.

काळा धूर सेल्फवर सहसा दिसत नाही. दिसलाच तर हवेची वाट बघा. ऑइलच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर त्या वाटीत महिन्यांचा चिखल साचलेला सापडतो.

धूर नसेल तर: डिझेलची वाट

टाकीपासून सुरुवात करा आणि डिझेल जसं वाहतं तसं पुढे जा. कॉकखालचा पाइप सोडला की अंगठ्याएवढी धार पडायला हवी. थेंब-थेंब पडत असेल तर टाकीच्या तळाशी गाळ आहे किंवा डिझेल गोठतंय.

गोठणं ही थट्टा नाही. डिझेलमध्ये मेण असतं आणि थंडीत ते वेगळं होतं. भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, डिझेलनं फिल्टर चोंदण्याची जी तापमानाची मर्यादा आहे ती हिवाळी प्रतीला ६ अंश आहे आणि उन्हाळी प्रतीला तब्बल १८. म्हणजे मे महिन्यात बॅरल भरून ठेवलंत आणि ते डिझेल जानेवारीत पाच अंशांवर वापरलंत, तर फिल्टरवर साय धरली याचं नवल वाटायला नको. डिझेल गढूळ, दुधट दिसतं, आणि ऊन वर आलं की ट्रॅक्टर गुमान चालू होतो. उपाय साधा आहे. बॅरलमधलं जुनं डिझेल पावसाळ्यापूर्वीच संपवा आणि थंडीत पंपावरून ताजं आणा. रॉकेल किंवा पेट्रोल मिसळू नका. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असतं. ते पातळ केलंत तर आजची सकाळ वाचेल आणि पंप जाईल.

आता हवा. या एका गोष्टीनं आम्हाला एका हिवाळ्यात पंधरा दिवस रडवलं.

आमचा ट्रॅक्टर संध्याकाळी एका इशाऱ्यावर उठायचा आणि सकाळी दहा-दहा मिनिटं धूरसुद्धा दाखवायचा नाही. सगळ्यांचं एकमत होतं की थंडी. बॅटरी बदलली, सेल्फचे बुश बदलले. वडिलांची शिस्त अशी की रात्री डिझेलचा कॉक बंद करूनच घरात यायचं. एका रात्री ते गावाला गेले होते आणि मी कॉक उघडाच विसरलो. सकाळी ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात उठला! मी खूष होऊन खाली उतरलो, तर फिल्टरखाली जमिनीवर तळहाताएवढा डिझेलचा डाग. तेव्हा डोक्यात उजेड पडला. फिल्टरच्या खालच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर पाझरत होता आणि वरचाही नीट बसलेला नव्हता. कॉक बंद असला की रात्रभर खालून डिझेल झिरपायचं आणि त्याच्या जागी वरून हवा शिरायची. कॉक उघडा राहिला की टाकी तो खड्डा भरत राहायची. वडिलांची शिस्त बरोबरच होती. खोट चार-दोन रुपयांच्या दोन वॉशरांत होती, आणि आम्ही तोवर काही हजार उडवले होते.

म्हणून जोड कोरड्या फडक्यानं पुसा, प्रत्येकाखाली रात्री वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा आणि सकाळी डाग बघा. तांब्याचा वॉशर एकदा दबला की पुन्हा तसाच बसवू नका. नवा नसेल तर जुना लालबुंद तापवून थंड करा, तो मऊ होतो. ज्या ट्रॅक्टरांची टाकी पंपापेक्षा खाली असते त्यांच्यात डिझेल बाहेर न सांडता उलट टाकीत परत जातं, त्यामुळे डागही दिसत नाही. तिथे फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या, वाल्ववर संशय घ्या.

हवा शिरलीच असेल तर ती काढायची रीत अशी. कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, दोन फेरे सैल करा आणि फीड पंपाचा हाताचा लिव्हर हापसा. आधी साबणाच्या फेसासारखं डिझेल फुसफुसत येईल, मग बुडबुडे विरळ होतील, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी. नंतर हीच कृती नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या मोठ्या पंपाच्या ब्लीड स्क्रूवर. रोटरी पंपाला (गोल, एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलेंडरांना डिझेल वाटणारा) असे दोन स्क्रू असतात, एक वर गव्हर्नरच्या झाकणावर आणि एक बाजूला अंगावर. लिव्हर हापसताना काहीच जोर लागत नसेल तर तो लिव्हर कॅमच्या उंचवट्यावर अडकलाय. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा हापसा. हे कुणी सांगत नाही, आणि नवखा माणूस पंप खराब समजून बसतो.

शेवटी नोझलकडचे पाइप-नट. प्रत्येक नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, स्टॉप पूर्ण आत, रेस पूर्ण, आणि सेल्फ मारा. नटांतून डिझेल उसळी मारायला लागलं की एकेक आवळा. पाइप सोडलेला असताना तोंड आणि हात दूर ठेवा, आणि नोझल बाहेर काढून फवारा बघायचा मोह झालाच तर बोट त्याच्यासमोर कधीही नेऊ नका. दीडशे-पावणेदोनशे किलोच्या दाबानं सुटलेलं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, पण आत बोट कुजायला लागतं. असं झालं तर हळद दाबत बसायचं नाही, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायचं.

पांढरा धूर असेल तर: गरमीची वाट

हिटर प्लगपासून सुरू करा. जुन्या इनडायरेक्ट इंजिनांत दोन टोकांचे प्लग एकामागोमाग माळेसारखे जोडलेले असतात. दिवाळीच्या माळेतला एक दिवा उडाला की अख्खी माळ विझते, तसंच इथे. डॅशवर जाळीमागे लाल होणारी तार असेल तर ती बघा: वीसेक सेकंदांत लाल झाली तर माळ शाबूत, अंधार राहिला तर कुठेतरी तुटलीये, आणि झटकन पांढरीफटक झाली तर एखादा प्लग शॉर्ट आहे. नवीन पद्धतीच्या पेन्सिलीसारख्या प्लगांत प्रत्येकाचा जोड स्वतंत्र. त्यांच्यावरची पत्र्याची पट्टी काढा, बारा व्होल्टच्या बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरं एकेका प्लगला टेकवा. ज्याच्यावर बल्ब लागत नाही तो गेला. प्लग काढलेच आहेत तर त्यांची भोकंही साफ करा. काजळीच्या बुचात अडकलेला प्लग तापूनही उपयोगाचा नाही.

पर्किन्स जातीच्या बऱ्याच इंजिनांत हिटर प्लगऐवजी हवेच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपावर, थर्मोस्टार्ट असतो. करंट दिला की आतली तार तापते, तिच्या उष्णतेनं एक बारीक वाल्व उघडतो, डिझेलचे थेंब पडतात आणि हवेच्या वाटेतच छोटी ज्योत पेटते. इंजिन गरम हवा ओढतं. चावी हिटरवर पंधरा-वीस सेकंद धरायची आणि मगच सेल्फ मारायचा. तो चालतोय का हे बघायला एअर क्लीनरचा होज सोडा आणि आत डोकावा, डोकं जरा लांब ठेवून. तार लाल होते पण ज्योत नाही, तर त्याला डिझेल मिळत नाही. त्याची छोटी वाटी किंवा बारीक नळी कोरडी किंवा चोंदलेली असते. माझ्या बघण्यात आलेल्या थर्मोस्टार्टांपैकी चालू कमी आणि बंद जास्त. नळी तुटली म्हणून कुणीतरी बोल्ट घालून भोक बुजवलेलं, आणि मालकाला आपल्या ट्रॅक्टरला अशी सोय आहे हेही माहीत नाही. कोरडा थर्मोस्टार्ट तापवत राहिलात तर तार जळते, म्हणून आधी डिझेल, मग करंट.

काही लाइन पंपांना (प्रत्येक सिलेंडरचा वेगळा भाग एका ओळीत असलेला डिझेल पंप) जास्तीच्या डिझेलचं बटण असतं. थंडीत सेल्फ मारण्याआधी ते एकदा दाबायचं, इंजिन उठलं की ते आपोआप सुटतं. वर्षानुवर्षं न दाबल्यानं ते गंजून बसलेलं असतं. पंपाच्या अंगावर रबरी टोपीखाली काही आहे का ते शोधा.

हिटर ठणठणीत आणि तरी पांढरा धूर? मग दाब. सेल्फचा आवाज पुन्हा ऐका. एकसारख्या कुर्र-कुर्रमध्ये मध्येच एक ठोका हलका, लंगडा येत असेल तर त्या सिलेंडरला दाब धरत नाही. गेज असेल तर नोझलच्या भोकातून मोजा. चांगल्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला पंचवीस-तीस किलोच्या आसपास मिळतं, आणि सिलेंडरा-सिलेंडरांत तीन-साडेतीन किलोंहून जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलेंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. चमचाभरच, वाटीभर टाकलंत तर पिस्टनला ते दाबता येणार नाही आणि रॉड वाकेल. दाब वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर वाल्व किंवा हेड गॅस्केट.

पण बोअर-पिस्टनचा खर्च डोळ्यांसमोर आणण्याआधी टॅपेट, म्हणजे वाल्वच्या डोक्यावरची फट, बघून घ्या. टॅपेट फार घट्ट झाले की वाल्व पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. पर्किन्सच्या तीन सिलेंडरच्या १५२ इंजिनात थंड असताना बारा थाऊ, म्हणजे ०.३० मिलिमीटर फट ठेवायची. तासाभराचं काम, खर्च फक्त झाकणाच्या गॅस्केटचा. नोझलचा फवारा बिघडला असेल तर ती पंपवाल्याकडे द्या, घरी उघडू नका. टायमिंगवर, म्हणजे डिझेल फवारण्याच्या वेळेवर, मात्र सगळ्यात शेवटी संशय घ्या. ते सहसा आपणहून हलत नाही. कुणी अलीकडे पंप उतरवला होता का, हा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

हे करू नका

इथर किंवा 'स्टार्टिंग स्प्रे' हिटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट असलेल्या इंजिनात कधीही मारू नका. लाल तारेवर इथर म्हणजे हवेच्या पाइपात स्फोट. हिटर बंद ठेवून मारलं तरी ते वेळेआधी पेटतं आणि रिंगा-पिस्टन फोडतं. त्याची सवय लागलेलं इंजिन पुढे त्याच्याशिवाय उठत नाही, असं म्हणतात. खरं तर रिंगाच गेलेल्या असतात.

पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरणं गावोगावी चालतं. बोळा आत ओढला गेलेला मी पाहिलाय. त्यापेक्षा किटलीभर गरम पाणी हवेच्या मॅनिफोल्डवर बाहेरून हळूहळू ओता. पंपावर मात्र ओतू नका, आतले भाग केसाच्या फटीत बसवलेले असतात, एकदम तापले तर जाम होतात. अँटिफ्रीझ नसलेल्या रेडिएटरचं पाणी रात्री सोडून सकाळी कोमट पाणी भरणं ही जुनी पद्धत आजही चालते. कोमट, उकळतं नाही.

पेचकस लावून सेल्फ उडवणं तर सगळ्यात वाईट. माणूस मागच्या मोठ्या चाकासमोर उभा असतो, न्यूट्रलचा सेफ्टी स्विच वगळला गेलेला असतो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो चालू होतो तो थेट त्याच्या अंगावर. सीटवर बसूनच चालू करायचा, सेल्फ बिघडला असेल तर तो दुरुस्त करायचा.

टोचन लावून ओढणं नाइलाजानं चालेल. वरचा गिअर, लांब दोर, सपाट रस्ता आणि मध्ये कुणी उभं नाही. खालच्या गिअरला मागची चाकं नुसती घसटत जातात. आणि उतारावर लावायची जुनी सवय वाईट नाही, फक्त चाकांना दगड लावा.

उठल्यावर

पहिल्या ठोक्याला रेस लगेच निम्म्यावर आणा. थंड ऑइल वरपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, तोवर रेस ताणून धुराचे लोट उडवण्यात बेअरिंगांचं नुकसान आहे. ऑइल प्रेशरचा काटा वर आला की हजारेक फेऱ्यांवर पाच मिनिटं चालू द्या. एका सिलेंडरचा पांढरा धूर अजून भकभकत असेल तर एकेक पाइप-नट क्षणभर सैल करून बघा. ज्याच्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलेंडर अजून झोपलेला आहे. त्याचा नंबर खडूनं हेडवर लिहून ठेवा आणि चहा प्यायला घरात या.